शब्द पाठ आहेत, पण उतारा हाती लागत नाही

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २४ वर्षांची, देवगड तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे रसायनशास्त्रात बी.एस्सी. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायला परदेशी जायचं आहे. त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६.५ आणि कुठल्याही विभागात ६ पेक्षा कमी नको, अशी विद्यापीठाची अट आहे. दोनदा परीक्षा दिली. ऐकणं, बोलणं, लिहिणं जमलं; वाचनात दोन्ही वेळा ५.५. क्लासचे सर म्हणतात, ‘व्होकॅब्युलरी वाढव.’ रोज दहा शब्द पाठ करून दोन वह्या भरल्या, रोज तासभर इंग्रजी अग्रलेख वाचते, तरी फरक नाही. ‘विज्ञानाचे उतारे निदान माझ्या प्रांतातले, इतिहासाचा आला की हातपाय गळतात,’ असं ती लिहिते. मग एक प्रसंग सांगते. सरावाच्या उताऱ्यात हीलियमच्या शोधाची हकिगत होती. त्याखाली विधान होतं, ‘लॉकियर यांनी पिवळी रेषा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका किल्ल्यातून पाहिली.’ खरं, खोटं, की उताऱ्यात दिलेलं नाही? विजयदुर्ग तिच्या घराजवळ, शाळेच्या सहलीत ऐकलेली माहितीही हीच. तिने ‘खरं’ लिहिलं. उत्तर निघालं ‘खोटं’. त्यावरून सरांशी वादही झाला. तिचे प्रश्न असे: आणखी सहा महिने शब्द पाठ करू, की हा नादच सोडू? आणि मराठी माध्यमाची किंमत आयुष्यभर मोजतच राहायची का?

हीलियमपासूनच सुरुवात करू. घोडं कुठे पेंड खातंय, हे त्या एका चुकलेल्या उत्तरात जेवढं दिसतं, तेवढं तुझ्या दोन वह्यांत दिसणार नाही. (तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते आहे. चालेल ना?)

आधी गोष्ट नीट लावून घेऊ. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. झान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ त्यासाठी गुंटूरला येऊन राहिले होते. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाश फाकून पडणारा रंगांचा पट्टा) त्यांनी तिथून पाहिला. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये, ग्रहण नसतानाच, दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून तशाच ज्वाळा पाहिल्या. वर्णपटाच्या पिवळ्या पट्ट्यात एक रेषा होती. सोडियमच्या दोन रेषांना अगदी लागून, पण त्यांच्याशी न जुळणारी. ती कोणाची, यावर बरीच वर्षं खल चालला. सूर्यावर एखादं अनोळखी मूलद्रव्य असावं, असं लॉकियर यांचं म्हणणं. ‘हेलिओस’ या सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं बारसंही झालं. प्रत्यक्षात विल्यम रॅम्झी यांना ते पृथ्वीवर, युरेनियमच्या एका खनिजात सापडलं, ते १८९५ मध्ये.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आले होते, यात शंका नाही. पण ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या ग्रहणाला आपल्याकडे बरीच वर्दळ होती. पुण्याचे प्राध्यापक नेगमवाला उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच उतरली होती. पुढे लोकांच्या तोंडी दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आणि मधली तीस वर्षं गळून पडली. तू कोकणातली, म्हणून एक विचारते. १८ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. त्या दिवशी आपल्या किनाऱ्यावरून सूर्य दिसेलच, या भरवशावर कोणता शहाणा माणूस विलायतेहून दुर्बीण घेऊन निघेल? विजयदुर्गचा मान यानं तसूभरही कमी होत नाही. ज्या माणसानं हीलियमची चाहूल ओळखली तो मूलद्रव्य हाती लागल्यावर तीन वर्षांनी तुमच्या किल्ल्यावर वेध घ्यायला येतो, ही गोष्ट मला तर ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

आता परीक्षेकडे. त्या विधानात तुला न कळलेला एक तरी शब्द होता का? नव्हता. ‘लॉकियर’, ‘रेषा’, ‘किनारा’, ‘किल्ला’. उताऱ्यात इंग्लंड आणि ऑक्टोबर हे दोन्ही शब्द डोळ्यांसमोर होते. तू उताऱ्याऐवजी आठवण वाचलीस. म्हणजे तुझा गुण शब्दसंग्रहाने गेलेला नाही, आणि ज्या दुखण्यावर सर औषध देताहेत ते तुझं मुख्य दुखणं नाही. (त्या वादात मात्र सरांचं बरोबर होतं. जमलं तर तेवढं सांगून टाक.)

शब्द नकोतच, असं म्हणत नाही. पण कोणते, हे बघायला हवं. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याचं सगळं गोत) आहेत, आणि अशा लेखनातल्या साधारण दर दहा शब्दांतला एक त्यांतला असतो. ही यादी बघ, फुकट मिळते. त्यातले बरेच शब्द तुला ‘येत’ असतील. अडचण वेगळीच आहे. आपल्याला येतात असे वाटणारे शब्द तिथे वेगळ्याच कामाला जुंपलेले असतात. ‘अकाउंट’ म्हटलं की आपल्याला बँक आठवते. उताऱ्यात ‘अकाउंट्स फॉर’ म्हणजे ‘याचं कारण देतो’, आणि नुसतं ‘अ‍ॅन अकाउंट’ म्हणजे हकिगत. ‘साउंड’ म्हणजे आवाज, पण ‘साउंड एव्हिडन्स’ म्हणजे भक्कम पुरावा. ‘यील्ड’ शेतातही असतो आणि प्रयोगातही. आणि त्याहून छोटे चोर: ‘येट’, ‘व्हाइल’, ‘अ‍ॅज’, ‘हेन्स’, ‘द फॉर्मर’, ‘द लॅटर’. यांना कोणी वहीत लिहीत नाही, कारण हे शब्द ‘कठीण’ नाहीत. पण वाक्य उलटं फिरतं ते यांच्याच बिजागरीवर. तुझ्या दोन वह्यांत यातला एक तरी आहे का, बघून सांग.

माझीही एक वही होती. मी मराठी माध्यमातून कॉलेजात गेले तेव्हा पहिलं वर्षभर प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबायचे, शब्दकोश उघडायचे, अर्थ पेन्सिलीने वर लिहायचे. पान संपेपर्यंत सगळ्या शब्दांच्या डोक्यावर मराठी टोप्या, आणि परिच्छेद काय म्हणतोय ते विचाराल तर पाटी कोरी. नंतर कळलं की मी ओळी ओलांडत होते, पण लेखकाशी गाठ पडतच नव्हती.

आता तुझं दुसरं गृहीतक: विज्ञान माझा प्रांत, इतिहास परका. हेच मला सगळ्यांत जास्त खटकलं.

लोणारचं सरोवर घे. बेसाल्ट खडकातलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. त्यावरचा इंग्रजी उतारा कुठेही वाच, त्याचा सांगाडा साधारण असा असेल. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचा खडक, म्हणून हे विवरही ज्वालामुखीचंच, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. मग काहींनी उल्केची शक्यता मांडली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मॅस्केलिनाइट सापडल्याचं दाखवलं गेलं. जबरदस्त आघाताशिवाय हा पदार्थ तयार होत नाही, त्यामुळे पारडं आघाताकडे झुकलं. पुढे प्रश्न वयाचा. एका पद्धतीने वय सुमारे ५०,००० वर्षं येत होतं, नंतर आर्गॉनच्या पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षं निघालं. दहापटीहून जास्त फरक!

सांग आता, हा उतारा विज्ञानाचा की इतिहासाचा? खडकाचा आहे म्हणून विज्ञानाचा म्हणशील. पण त्यात चाललंय काय? आधी कोण काय म्हणत होतं, मग कोणी शंका काढली, कशाच्या बळावर, आणि आज काय मानतात. हीच तर इतिहासाच्या उताऱ्याचीही चाल. आपल्या शास्त्रीपरंपरेत याला नावं आहेत: पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त. आधी प्रतिपक्षाचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडायचं, मग त्यातलं व्यंग दाखवायचं, मग आपला निर्णय. इंग्रजी विद्यापीठीय गद्य पुष्कळदा याच वळणाने जातं. ‘इट वॉज लाँग बिलिव्हड’ आलं की समजायचं, पूर्वपक्ष सुरू झाला आणि त्याचं काही खरं नाही. ‘हाउएव्हर’ आलं की उत्तरपक्ष उभा राहिला. शेवटच्या परिच्छेदात ‘रिमेन्स अनक्लिअर’ दिसलं तर सिद्धान्त अजून व्हायचाय.

म्हणून उतारा वाचताना समासात शब्दार्थ लिहू नकोस. प्रत्येक परिच्छेदासमोर तो परिच्छेद काय काम करतोय ते चार-पाच मराठी शब्दांत लिही. ‘जुनं मत.’ ‘त्यावर शंका.’ ‘पुरावा, पण अपुरा.’ ‘दुसऱ्याचं वेगळं वय.’ लोणारच्या उताऱ्यावर हे करून बघ. पंधरा शब्द अडले तरी हे चार शेरे तुला लिहिता येतील. मथळे जुळवायचे प्रश्न येतात ना, ज्यांना सगळे घाबरतात, त्यांचं निम्मं उत्तर या शेऱ्यांतच असतं.

इतिहासाच्या उताऱ्यात एक अडचण खरीच असते, ती नाकारत नाही. काळ सरळ रेषेत चालत नाही. लेखक १८९७ मध्ये सुरू करतो, मागे १८९६ मध्ये जातो, ‘बाय देन’ म्हणून पुन्हा पुढे येतो आणि ‘हॅड’ लावलेली क्रियापदं मधूनमधून भूतकाळाच्याही मागे उडी मारतात. उपाय साधा. कागदाच्या कडेला एक उभी रेघ ओढ आणि येईल ती तारीख तिच्या जागी टाक. सराव म्हणून मुंबईच्या प्लेगवरचं काही वाच. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला या साथीची पुण्याची बाजू पक्की माहीत असते: रँड, चापेकर बंधू, २२ जून १८९७. इंग्रजी उताऱ्यात मात्र बहुधा दुसरी बाजू भेटेल. १८९६ मध्ये मुंबईत साथ, मग हाफकिन या शास्त्रज्ञाने तिथेच प्रयोगशाळा थाटून तयार केलेली लस, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेणं. आज परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. अर्धी गोष्ट माहीत असलेला विषय सरावाला फार चांगला. पाय टेकायला जमीन असते, तरी वाचल्याशिवाय चालत नाही. आणि तुझ्या हीलियमच्या खोडीवरही हेच औषध. आपल्याला आधीच माहीत असलेलं कुठे आणि लेखक सांगतोय ते कुठे, हे वेगळं ठेवायची सवय लागते. मी मुलांना पान दुमडायला लावायचे. वाचायच्या आधी डावीकडे ‘मला माहीत आहे ते’ लिहायचं, वाचल्यावर उजवीकडे ‘हा म्हणतो ते’. उत्तरं लिहिताना डावी बाजू घडीखाली.

खरं, खोटं आणि ‘दिलेलं नाही’ यांचा गोंधळ तुझ्या एकटीचा नाही, सगळ्यांचाच होतो. मी त्यांना अशी नावं ठेवली आहेत: ‘हो म्हणाला’, ‘नाही म्हणाला’, ‘विषयच काढला नाही’. लॉकियर इंग्लंडमध्ये होते असं उताऱ्यात आहे, म्हणजे किल्ल्याच्या विधानाला तो ‘नाही म्हणाला’. पण ‘लॉकियर भारतात कधीच आले नाहीत’ असं विधान असतं, तर? त्या उताऱ्यात १८९८ चा उल्लेख नसेल, तर ‘विषयच काढला नाही’. ते विधान खोटं आहे हे तुला आता माहीत असलं, तरी.

या प्रश्नांत आणखी एक सापळा असतो, खात्रीच्या मापाचा. त्यासाठी लंडनचा १८५४ चा कॉलरा वाच. इंग्रजीत त्यावर सोप्यापासून अवघडापर्यंत मुबलक साहित्य आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी कॉलरा पसरवतंय, असं डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरचे मृत्यू तपासून मांडलं. ८ सप्टेंबरला पंपाचं हँडल काढलं आणि साथ थांबली, अशी गोष्ट सांगितली जाते. सांगायला छानच आहे. पण स्नो यांनी स्वतः लिहून ठेवलंय की हँडल काढायच्या आधीच रुग्ण बरेच घटले होते, लोक वस्ती सोडून पळाले होते. त्यामुळे तोवर विहिरीत विष उरलं होतं की नव्हतं, हे ठरवता येत नाही. आता ‘हँडल काढल्यामुळे साथ संपली’ हे विधान, आणि ‘हँडल काढल्याने साथ आटोक्यात यायला मदत झाली असावी’ हे विधान. दोन्हींत शब्द जवळजवळ तेच. वजन वेगळं. ‘मे हॅव’, ‘इज थॉट टु’, ‘सजेस्ट्स’, ‘लार्जली’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लाव. शास्त्रज्ञ ‘प्रूव्ह्ज’ फारच क्वचित म्हणतो. प्रश्न काढणारा मात्र ते मुद्दाम म्हणतो आणि बघत बसतो, कोण फसतंय.

आणि इथे तुझ्या मराठी माध्यमाचा विषय येतो. ‘असावा’, ‘असेल’, ‘म्हणे’, ‘असं मानतात’, ‘आलेला दिसतो’. खात्रीच्या किती पायऱ्या तू लहानपणापासून वापरतेस! ‘तो आला असावा’ आणि ‘तो आलाय’ यांतला फरक आजीने कधी तुला शिकवला नाही, तरी तुझी त्यात चूक होत नाही. इंग्रजीतल्या त्या रेघ मारलेल्या शब्दासमोर मराठी क्रियापदाचं शेपूट लिही. ‘असावा.’ ‘म्हणे.’ एवढंच पुरतं.

मराठीतून शिकल्याचा तोटा अजिबात होत नाही, असं मी म्हणणार नाही. होतो. दहावीनंतर ‘संप्लवन’चं ‘सब्लिमेशन’ झालं तेव्हा तूही गांगरली असशील. वेगही सुरुवातीला कमी असतो. पण तो तोटा नावांचा आहे, समजेचा नाही. वर्णपट म्हणजे काय हे तुला कळलेलं आहे. नवी गोष्ट नव्या भाषेत शिकणं आणि कळलेली गोष्ट नव्या भाषेत ओळखणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून माझा आग्रह, विषय आधी मराठीत वाच. वाईहून तयार झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट आहे. त्यात हीलियम आहे, उल्का आहेत, पटकी आहे. (कॉलऱ्याला आपल्याकडे पटकी म्हणायचे.) ती नोंद वाच, मग त्याच विषयावर सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया, मग एखाद्या संग्रहालयाच्या किंवा अवकाशसंस्थेच्या संकेतस्थळावरचा लेख, आणि शेवटी एखाद्या शोधनिबंधाचा नुसता सारांश. एक विषय, चार वाचनं, एक आठवडा. रोज नवा विषय घेतला तर रोज नवे शब्द आणि रोज नवी धास्ती. एकाच विषयात राहिलं की तेच शब्द पुन्हा भेटतात आणि पाठ न करता ओळखीचे होतात. दुसऱ्या आठवड्यात विषय बदल, एकदा विज्ञान, एकदा इतिहास.

अग्रलेख कमी कर. वाईट नसतात, पण अग्रलेख तुला पटवायला निघालेला असतो. त्यात कालच्या राजकारणाचे संदर्भ, टोमणे, अर्धवट सोडलेली वाक्यं. परीक्षेतले उतारे मासिकं, पुस्तकं, नियतकालिकं यांतून घेतलेले आणि तज्ज्ञ नसलेल्या वाचकासाठी असतात. ते समजावून सांगत असतात. तासभर गिरणीत दळलंस, पण पीठ दुसऱ्याच धान्याचं निघालं, असं झालंय.

एक सराव मात्र मी कुणालाच चुकवू देत नाही, आणि त्यात मराठी माध्यमवाल्यांचा हात जरा सरसच असतो. विद्यापीठीय इंग्रजीला क्रियापदं आवडत नाहीत. ती सगळी नामांच्या गाठोड्यात बांधून ठेवते. ‘द ग्रॅज्युअल अ‍ॅबॅन्डनमेंट ऑफ द व्होल्कॅनिक एक्सप्लनेशन’. वाचून छाती दडपते. गाठोडं सोडलं की निघतं काय? ‘ज्वालामुखीमुळे झालं, हे म्हणणं लोकांनी हळूहळू सोडून दिलं.’ बस! मराठीला असली गाठोडी फार वेळ डोक्यावर वाहवत नाहीत, ती लगेच विचारते, ‘कोणी काय केलं?’ रोज अशी फक्त तीन वाक्यं काढ आणि मराठीत सोडव. भाषांतर सुंदर नको. शेजारच्या काकूंना सांगितल्यासारखं हवं. तू लिहितेस की मनातल्या मनात प्रत्येक वाक्याचं भाषांतर करतेस म्हणून वेळ जातो आणि ती सवय मोडायला सांगितलंय. सगळ्या वाक्यांचं नकोच. पण गाठोडं दिसलं की तेवढ्यापुरतं खुशाल कर. ही सवय मोडण्यापेक्षा योग्य जागी वापरणं सोपं आहे.

घड्याळाचं काय? ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न, आणि उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही, हे तुला माहीतच आहे. पहिले तीन-चार आठवडे तरी घड्याळ बाजूला ठेव. हे ऐकून क्लासमध्ये हसतील. हसू देत. जे सावकाश वाचूनही कळत नाही ते पळत वाचून कसं कळेल? त्यानंतर एका उताऱ्याला वीस मिनिटं, आणि मग पूर्ण पेपर आठवड्याला एकच. मात्र तपासायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ दे. चुकलेल्या प्रत्येक उत्तरासमोर कारण लिही: शब्द अडला, आठवणीतून लिहिलं, खात्रीचं माप चुकलं, की वेळ संपला. तीन पेपर झाले की मोज. ‘शब्द अडला’ हे कारण निम्म्याहून जास्त निघालं, तर सरांचं बरोबर आणि माझं चूक. मग खुशाल तिसरी वही घे.

परीक्षा सोडायची की नाही, हा प्रश्न मला घाईचा वाटतो. ५.५ आणि ६ यांच्यात फार तर तीन-चार बरोबर उत्तरांचं अंतर असतं. ४० पैकी साधारण २३ बरोबर आली की ६ पडतात. म्हणजे हीलियमसारखी चार उत्तरं. तेवढ्यासाठी परदेशी जायचा विचार सोडणं मला पटत नाही, पण पुढच्याच महिन्यात तिसऱ्यांदा फी भरणंही पटत नाही. घरच्यांचे पैसे आहेत ते. दोन महिने असा सराव कर, सलग तीन पेपरांत २५-२६ यायला लागले की मगच तारीख घे. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना हल्ली एकाच विभागाची फेरपरीक्षा देता येते. तुझे बाकीचे तीन विभाग ठीक आहेत, म्हणून पुढच्या वेळी ही सोय लक्षात ठेव. पण तिचा निकाल तुझं विद्यापीठ मान्य करतं का, हे आधी त्यांनाच ईमेल करून विचार. काही विद्यापीठं दुसऱ्या इंग्रजी परीक्षाही चालवून घेतात. परीक्षा बदलून वाचन सुधारत नाही, पण माहिती घ्यायला हरकत नाही. क्लास सोडायला मी सांगणार नाही. पैसे भरलेत, तर लेखनाचं तपासून घ्यायला जा, आणि शब्दांच्या तासाला मागच्या बाकावर बसून गाठोडी सोडव.

असंच पत्र एम.ए. इतिहासाच्या एका विद्यार्थ्याचंही आलंय. त्याची तक्रार बरोबर उलटी: विज्ञानाचं नाव काढलं की झोप येते. त्याने लोणारपासून सुरू करावं. खडक विसरून जावं आणि फक्त कोण कोणाला खोडतंय ते पाहावं. पीएच.डी.ला नाव घातलेल्या आणि इंग्रजी निबंधांच्या ढिगाऱ्यात गुदमरणाऱ्यांनाही तेच सांगेन. आधी सारांश, मग शेवट, मग प्रस्तावना; मधल्या पद्धती लागतील तेव्हा.

आणि आता तुझा पहिला गृहपाठ. वर मी विजयदुर्गचा जो परिच्छेद लिहिलाय तो पुन्हा एकदा वाच. मग ही तीन विधानं. एक, लॉकियर विजयदुर्गला आले तेव्हा हीलियम पृथ्वीवर सापडून गेलेलं होतं. दोन, १८९८ चं ग्रहण पाहायला आलेले सगळे शास्त्रज्ञ विजयदुर्गलाच उतरले होते. तीन, लॉकियर यांच्याबरोबर त्या वेळी त्यांच्या घरचं कोणी आलं होतं. पहिल्यासाठी एक परिच्छेद मागेही जावं लागेल. तिसऱ्याचं उत्तर इंटरनेटवर शोधू नकोस. ‘हो म्हणाली’, ‘नाही म्हणाली’ की ‘विषयच काढला नाही’, तेवढंच लिहून पाठव.